कागदावरची पुनव

त्या रविवारी रंजीताला जाग आली ती सासऱ्याच्या, झाडूच्या, गाण्याने. अजून उजाडायचं होतं. झाडू अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभा होता, अंगात ठेवणीतला पांढरा सदरा होता, आणि तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात शिकलेलं गीत तो मोकळ्या गळ्याने म्हणत होता. ती लेकराला कडेवर घेऊन बाहेर आली तसा तो वळला आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, "बाई, प्रभू उठला आहे."

याला ठरलेलं उत्तर असतं. "खरोखर उठला आहे," असं म्हणायचं, की ईस्टरचा सण सुरू झाला. रंजीता बोलायला लागल्यापासून ते म्हणत आली होती. पण त्या पहाटे तिची जीभ उचलेना, कारण तिच्या हिशेबाने प्रभू अजून वधस्तंभावरही गेलेला नव्हता. आज तेरा एप्रिल, झावळ्यांचा रविवार. तिकडे माहेरी ऊर्जानगरच्या चर्चमध्ये थोड्या वेळाने लोक हातात झावळ्या घेऊन रांगेने चालणार होते, आणि खरा ईस्टर त्यानंतर आठवड्याने होता.

"मामाजी, आज ईस्टर नाई," ती म्हणाली. "वीस तारखेले आहे. पुढच्या रविवारी."

झाडू हसला. सून शहरातली, तिला काय ठाऊक, असं ते हसणं होतं. "काल पुनव झाली. पुनवेच्या मागून येते तो रविवार. आज रविवार हाय. मंग?"

"कॅलेंडरवर गुड फ्रायडे अठरा तारखेले आहे."

"ते सरकारी सुट्टी हाय. सरकार दिवाळीची बी सुट्टी देते. मी कॅलेंडर पाहून दिवाळी करतो काय?" एवढं बोलून तो कोंबडा धरायला गेला.

आता या माणसाशी वाद कोणी घालावा? कोसमटोला म्हणजे भामरागडपासून जंगलातून दोन-अडीच तास चालत जायचं गाव. सगळी घरं माडियांची, आपल्या पेनाला, म्हणजे कुळदेवाला, मानणारी. ख्रिस्ती घर तेवढं झाडूचं. तरुणपणी झाडावरून पडून पाय मोडला तेव्हा तो मिशनच्या दवाखान्यात कित्येक महिने पडून होता. तिथल्या इसरूगुरुजींनी त्याला प्रभू सांगितला आणि सणाची रीतही सांगितली. दिवस-रात्र सारखी झाली की त्यानंतरची पहिली पुनव धरायची, आणि पुनवेनंतरच्या रविवारी ईस्टर. झाडू सरळ पायाने आणि ही रीत घेऊन गावात परत आला. गावाला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांचे सगळे सण असेच चंद्र पाहून ठरत. ख्रिसमस मात्र खुद्द झाडूलाही कधी नीट पटला नव्हता. ज्याला चंद्र लागत नाही तो कसला सण, असं तो खासगीत म्हणे.

इसरूगुरुजींनी एक गोष्ट सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर झाडू तेव्हा झोपला असेल. ती रंजीताला ठाऊक होती, कारण तिचा बाप शमुवेल ऊर्जानगरच्या चर्चमध्ये तीस वर्षं मुलांना रविवारच्या शाळेत हेच शिकवत आला होता. शमुवेल वीजकेंद्रात बॉयलरवर होता, आणि बॉयलरवरचा माणूस काट्याकडे पाहतो तसा तो आयुष्यभर नियमाकडे पाहत आला. तो मुलांना सांगे की प्रभू यहूद्यांच्या वल्हांडणाच्या सणात मेला आणि वल्हांडण पुनवेलाच असतो, म्हणून ईस्टरला चंद्र लागतो. यहूद्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्राचे; आपण धोंड्याचा महिना घालतो तसे तेही मध्येच एक जादा महिना घालून सण हंगामात ठेवतात. पण चर्चचा चंद्र आभाळातला नव्हे. तो जुन्या लोकांनी कागदावर मांडून ठेवलेला आहे, कधी आभाळाच्या एक दिवस पुढे तर कधी मागे. आणि कागदावरची पुनव रविवारीच आली, तर तो रविवार सोडायचा आणि पुढचा धरायचा.

यंदा तसंच झालं होतं. आभाळात चंद्र शनिवारी भरला. कागदावर तो रविवारी भरला. त्या एका दिवसाने सण आठवडाभर पुढे गेला, आणि कोसमटोल्यात कागद नव्हता.

शमुवेलने एकदा याच गोष्टीवरून झाडूला घरातून उठवलं होतं. झाडू आपल्या धनराजसाठी रंजीताला मागायला ऊर्जानगरच्या क्वार्टरवर गेला होता. चहा आला, आणि शमुवेलने विचारलं, तुमच्याकडे ईस्टरची तारीख कोण सांगते? झाडूने बोट वर केलं आणि चंद्र सांगते म्हणाला. शमुवेलने कप खाली ठेवला. "ज्याले आपल्या देवाच्या सणाची तारीख माहीत नाई, त्याच्या घरी माही पोरगी नाई जाणार." खरं म्हणजे त्याला जावई ट्रकवरचा नको होता, जंगलातला तर नकोच होता, तारीख ही आपली सोयीची काठी होती. रंजीताने कोर्टात जाऊन लग्न केलं. त्याला तीन वर्षं झाली. बापाने तिचं नाव टाकलं.

मग गडचिरोलीच्या भाड्याच्या खोलीत मुलगी जन्मली, आणि मार्चात आईचा फोन आला. आई हळू आवाजात बोलत होती, म्हणजे बाप घरात होता. "तुहे बाबा म्हणतात, ईस्टरले लेकराले घेऊन ये. बाप्तिस्मा करू. ते दारात उभे राहतीन, तुले आत घेऊन जातीन." थोडं थांबून आई म्हणाली, "रंजू, हे ते एकदाच म्हणतीन. तुले माहीत आहे तो माणूस."

तिला माहीत होता. म्हणून तिने सगळं नीट ठरवलं होतं. धनराज ट्रक घेऊन हैदराबादकडे गेला होता. तो येईपर्यंत लेक आजीआजोबांना दाखवायची, पुढच्या गुरुवारी निघायचं, शुक्रवारी ऊर्जानगर गाठायचं. सासऱ्याचा ईस्टर आठवडाभर आधी आला तर येऊ दे, दोनदा जेवू, असं म्हणून ती चुलीपाशी बसली. तिकडे लोक झावळ्या घेऊन फिरत असतील आणि आपण इथे कोंबडा चिरतोय, या विचाराने तिला हसूही आलं.

दुपारी अख्खं गाव जेवायला आलं. झाडूच्या सणाला कोणी चुकत नसे, आणि गावाच्या पंडुमला, म्हणजे सणाला, झाडूही मांडी घालून बसे, फक्त पूजेच्या वेळी तंबाखू मळायला उठे. सुकलू गायता, गावाचा पुजारी आणि सणवार ठरवणारा म्हातारा, मानाने पहिल्या पंगतीला बसला होता. रंजीता भात वाढायला वाकली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्यापायी एक दिवस थांबलो, बाई. बांधाचं पुनवेलेच असते. झाडूभाऊ म्हणे रविवारी माहा सण हाय. मंग म्हटलं, होऊन जाऊ दे त्याचा. आता सांजेले बांधतो."

"काय बांधता?"

"गाव," सुकलू म्हणाला, आणि जेवायला लागला.

बाकीचं तिला सासूने, रुखमाने, चुलीपाशी सांगितलं. मागच्या पावसाळ्यात हिवतापाने गावातली लेकरं गेली. त्यात सुकलूचा नातू होता. रस्ता पाण्याखाली, दवाखाना पलीकडे. तेव्हा गावाने ठरवलं की यंदा पावसाआधी गाव बांधायचं. पुनवेला वेशीवर दोर बांधायचा आणि अवसेला सोडायचा, म्हणजे चंद्र झिजतो तसं दुखणं झिजत जातं. तोवर गावातलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. मध्ये कोणी दोर ओलांडला तर सगळं फुकट, आणि वर्षभर जे काही होईल ते त्याच्या घरावर.

रंजीताने वाढायचं भांडं तसंच खाली ठेवलं आणि ती परसात झाडूला गाठायला गेली. झाडू हात धूत होता.

"मामाजी, मले गुरुवारी जायचं होतं. म्या सांगितलं होतं तुम्हाले."

"सांगितलं होतं," झाडू म्हणाला. "पण सण तर झाला, बाई. मी सुकलूले म्हटलं, माही सून अन् नातीण बी बांधल्या गावात राहू दे. लेकराले बरं. अवसेनंतर जाजो."

"सण नाई झाला. माहा बाप वीस तारखेले चर्चच्या दारात उभा राहणार आहे."

झाडूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. काय झालंय ते त्याला हळूहळू कळत गेलं, आणि ते कळताना पाहणं रंजीताला अवघड झालं. तिला ओरडायचं होतं. पण ओरडणार कोणावर? झाडूने नातीच्या भल्यासाठी केलं होतं. सुकलूने तर शेजाऱ्याच्या देवासाठी आपल्या देवाला एक दिवस थांबवलं होतं. सगळ्यांनी तिचं भलंच पाहिलं होतं, आणि ती पुरती अडकली होती.

तरी ती पिशवी खांद्याला अडकवून, लेकराला पदराने बांधून वेशीवर गेली. दिवस टेकडीआड चालला होता. गवताचा जाड दोर वळून या मोहाच्या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणला होता आणि सुकलू शेवटची गाठ मारत होता. तो थांबला. तिच्याकडे, पिशवीकडे, लेकराकडे त्याने पाहिलं. "अजून गाठ मारली नाई," तो म्हणाला. "जाचं असन तर जा. पण या टायमाले जंगलात कुठी जाशीन, पोरी? शेवटची गाडी गेली असन."

पाच महिन्यांचं लेकरू घेऊन अंधारात अस्वलांच्या वाटेने कोण जातं? तिने पिशवी खाली ठेवली. सुकलूने बराच वेळ वाट पाहिली, मग गाठ मारली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. गावात कोणी डांबून ठेवल्यासारखं वागत नव्हतं. लोक मोह वाळवत होते, जाळं विणत होते, रुखमा नातीला तेल लावत होती. आंब्याखाली बायका बसत तिथे रंजीतालाही जागा होती. फक्त ती उठून चालायला लागली की पाय वेशीवर जाऊन थांबत. फोनला रेंज मिळायची ती टेकडीवर, आणि टेकडी दोराच्या पलीकडे होती. दोरापासून ती इतकी जवळ होती की वरचा दगड दिसे, ज्यावर उभं राहिलं की आईचा आवाज नीट ऐकू येई. ती दोराशी उभी राहून त्या दगडाकडे पाहत राही. बुधवारी मोह घेणारा एक व्यापारी फटफटीवर वेशीपर्यंत आला. रंजीता धावली. ती पोचेपर्यंत त्याने दोर पाहिला, हात जोडले आणि गाडी वळवली. तिची हाक फटफटीच्या आवाजात बुडाली.

तिला बापाची भीती नव्हती वाटत. धास्ती होती ती त्याच्या घाईची. शमुवेल माणसाबद्दल एकदा मत करून टाकी आणि मग त्याला पुरावे गोळा करी. ती आली नाही म्हणजे तिने सूड घेतला, असंच तो धरणार. आईने काही म्हटलं तर म्हणणार, तीन वर्षं म्या बोललो नाई, आता तिची पाळी. आणि तो विषय तिथे संपणार. आपण चर्चच्या पायरीवर त्या माणसाला उभं करून ठेवणार आहोत, सगळ्या मंडळीसमोर, आणि त्याला कळवताही येत नाही, हे तिला जेवताना आठवे आणि ती ताटावरून उठे.

गुरुवारी झाडू तिच्यापाशी येऊन बसला. रविवारपासून दोघं बोलले नव्हते.

"मले समजावून सांग," तो म्हणाला. "वल्हांडण पुनवेले. प्रभू त्याच्या मागच्या रविवारी उठला. पुनव शनिवारी झाली, म्या डोळ्यानं पाह्यली. मंग माहं कुठी चुकलं?"

तिने बापाने शिकवलं तसं सांगितलं. चर्चचा चंद्र कागदावरचा, तो रविवारी भरला, म्हणून पुढचा रविवार.

"कागदावर चंद्र भरते?"

"भरतो, मामाजी. सगळ्या जगात एकाच दिवशी सण यावा म्हणून. आभाळातला चंद्र इथी एका दिवशी भरतो, तिथी दुसऱ्या."

झाडू बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "मंग यहूदी लोकायनं वल्हांडण कधी केला?"

"शनिवारी सांजेलेच सुरू झाला त्यांचा."

"म्हणजे प्रभूच्या गावच्या लोकायची पुनव अन् माही पुनव एकच," तो म्हणाला. पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. "तरी चुकलोच मी. तुह्या बापानं तवा म्हटलं ते बरोबर होतं."

शुक्रवारी, म्हणजे खऱ्या गुड फ्रायडेला, झाडू सदरा घालून सुकलूकडे गेला आणि चारचौघांत म्हणाला की माझ्या देवाची तारीख मी चुकीची सांगितली, माझ्या सुनेला जाऊ द्या. या माणसाने आयुष्यात दुसरा कुठलाच तोरा मिरवला नव्हता. चंद्र पाहून ईस्टर सांगणं तेवढी त्याची ऐट होती, आणि तीच तो लोकांपुढे ठेवून आला. सुकलू रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "चुकलं तर चुकलं, झाडूभाऊ," तो म्हणाला. "पण दोर आता माह्या हातात नाई. माहा नातू गेला तवा वेशीवर काहीच नव्हतं. आता हाय. कसा सोडू?" झाडू घरी आला, सदरा काढून खुंटीला लावला आणि रंजीताला म्हणाला की उद्या सकाळी नाल्याकडून जा. तिकडे दोर नाही, नुसती दगडांची ओळ आहे. विचारलं तर जाताना मी पाहिली नाही म्हणून सांगीन.

शनिवारी उजाडताच ती नाल्यावर गेली. पाणी घोट्याएवढं होतं. दगडांची ओळ, पलीकडे पायवाट, पायवाटेने भामरागड, आणि सकाळची गाडी धरली तर संध्याकाळपर्यंत ऊर्जानगर. इतकं सोपं होतं. लेकरू पदरात झोपलं होतं. तिने चप्पल हातात घेतली आणि ती दगडांपाशी उभी राहिली.

दोराने माणसाचा ताप अडतो, यावर तिचा विश्वास नव्हता. पण पावसाळा येणार होता, रस्ता बुडणार होता, आणि कुणाचं तरी लेकरू तापणार होतं. तेव्हा सगळं गाव झाडूच्या दाराकडे पाहणार होतं. तो जवळच्याच आंब्याखाली बसून तिच्याकडे पाठ करून होता, म्हणजे ती गेलेली आपण पाहिली नाही असं त्याला खरं सांगता यावं. खोटं बोलणं त्याला जमत नसे. ती त्या पाठीकडे पाहत राहिली, आणि तिला अतिशय राग आला. हा माणूस जरा वाईट असता तर ती केव्हाच पलीकडे गेली असती.

ती परत आली. झाडूने मागे वळून पाहिलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली.

ईस्टरच्या दिवशी तिने काहीच केलं नाही. गाणं म्हटलं नाही, झाडूनेही म्हटलं नाही. चर्चची घंटा होण्याच्या सुमारास ती लेकराला पाजत बसली आणि डोळ्यांसमोर बाप येत राहिला, इस्त्रीच्या सदऱ्यात, रस्त्याकडे बघणारा. मग घंटा थांबली असेल. मग दार लावलं असेल. त्यानंतर तिने वाट पाहणं सोडून दिलं आणि तिला भयंकर मोकळं वाटलं, तसं वाटू नये असं.

सोमवारी दुपारी पोरं ओरडत आली की वेशीवर बूटवाला माणूस आलाय आणि सुकलूशी भांडतोय.

ती लेकराला घेऊन पळाली. दोराच्या पलीकडे शमुवेल उभा होता. सदरा कालचाच होता, चुरगळलेला, पाठीला चिकटलेला. बूट धुळीने भरले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस ऊर्जानगरहून गडचिरोली, तिथून भामरागड, आणि तिथून वाट विचारत पायी आला होता. तिला पाहताच तो सुकलूला विसरला.

"काऊन आली नाई?"

"गाव बांधलं आहे, बाबा. अवसेपर्यंत सोडत नाईत."

मागून झाडू आला. त्याने व्याह्यापुढे डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. "तिचं काई नाई, इवाई. चूक माही हाय. म्या आभायातली पुनव धरली. गावाले तेच सांगितलं. म्हणून हे असं झालं."

शमुवेलने झाडूकडे पाहिलं, पण त्याला उत्तर दिलं नाही. "चल," तो मुलीला म्हणाला. "एक दोर आहे. वाक अन् ये इकडे."

"नाई येत."

"मी इतक्या दूरून आलो."

"मले दिसते, बाबा. नाई येत. इथी लेकरं मेली आहेत मागच्या वर्षी."

मग सुकलूने खाकरून घसा साफ केला. "लेकराचं नाव ठेवलं काय?" त्याने रंजीताला विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बाप्तिस्म्याला ठेवायचं होतं. "मंग ते अजून गावात मोजलं नाई. नाव नाई त्याच्यावर दोर बी नाई. आजाले घेऊ दे."

रंजीताने लेक दोरावरून पलीकडे दिली. शमुवेलने ती घेतली, आधी चुकीची, मग नीट. पोर रडली नाही. तिने त्याच्या चष्म्याकडे हात नेला आणि त्याने तो नेऊ दिला.

"शनिवारी म्या पाह्यला होता," तो लेकराकडे पाहत म्हणाला. "झावळ्याच्या रविवारच्या आदल्या राती. क्वार्टरच्या अंगणात बसलो होतो. चंद्र पुरा भरला होता. तवाच मनात आलं, झाडूभाऊ उद्याच सण करते. तारखेचा घोळ होईन, पोरगी तिकडं अडकून पडन. काल दारात उभा होतो तवा बी मले ते ठाऊक होतं." त्याने लेकराला दुसऱ्या हातावर घेतलं. "अन् घरी जाऊन म्या तुह्या आईले म्हटलं, पाह्य, म्हटलं होतं ना म्या, नाई आली. तसं म्हणून मले बरं वाटलं, रंजू. तुही आई जेवली नाई. म्हणे, तुमाले बरं वाटलं ते दिसलं मले."

रंजीता दोराला धरून उभी होती. आठवडाभर तिला ओरडायला माणूस मिळाला नव्हता, तो आता समोर होता, आणि तीन वर्षांचं सगळं तिच्या तोंडात आलं. कोर्टाबाहेर ती एकटी उभी होती ते, दवाखान्यात कळा येत असताना दाराकडे पाहत होती ते, आईच्या चोरट्या फोनचं, आणि झाडूला क्वार्टरवर अर्धा चहा टाकून उठावं लागलं त्याचंही. ती रडत नव्हती. ती मोठमोठ्याने, गावादेखत, मिळेल त्या शब्दांत बापाला बोलत होती, आणि तिला कोणी थांबवलं नाही.

शमुवेल लेकराला छातीशी धरून ऐकत होता. त्याच्यामागे भामरागडची वाट मोकळी होती. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांमध्ये निघून जाता येण्यासारखा तो एकटाच होता, आणि तो जागचा हलला नाही.